वर्ध्याला विचारा, पण नीट विचारा

निवडणुकीचा गुलाल उतरला की मुंबई-पुण्याकडून एक वाक्य हमखास येतं : ‘वर्ध्याच्या मतदाराचा काही नेम नाही.’ या वाक्याचा मला राग येतो. नेम चुकतो अंदाज बांधणाऱ्यांचा आणि खापर फुटतं लोकांच्या माथी.

२०२४ सालच घ्या. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला. सलग दोनदा खासदार झालेले भाजपचे रामदास तडस पडले आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे अमर काळे निवडून आले. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला, तर वर्धा, देवळी, हिंगणघाट आणि आर्वी या जिल्ह्यातल्या चारही जागा भाजपकडे. साडेपाच महिन्यांत पारडं असं फिरलं. मग काय, ‘लोक लहरी’ म्हणायला सगळे मोकळे झाले.

अजून मागे जा. १९९१ मध्ये याच मतदारसंघाने वसंत साठे यांच्यासारख्या बड्या नेत्याला घरी बसवून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे दिल्लीला पाठवले. १९९६ ला भाजपचे विजय मुडे, १९९८ ला काँग्रेसचे दत्ता मेघे, १९९९ ला प्रभा राव, २००४ ला भाजपचे सुरेश वाघमारे, २००९ ला पुन्हा मेघे, २०१४ ला तडस. सात निवडणुका झाल्या आणि त्यांत एकालाही लागोपाठ दुसऱ्यांदा संधी मिळाली नाही. तेवीस वर्षं लोक एकच तक्रार माणसं बदलून बदलून सांगत होते. ती कोणी ऐकली नाही, म्हणून पुन्हा सांगत होते. याला लहर म्हणत नाहीत, चिकाटी म्हणतात.

माझं म्हणणं सरळ आहे. पैसा, काम आणि बदलता समाज यांबद्दल वर्धा जिल्ह्यातल्या माणसाचं मत पक्कं आहे. ते पाच वर्षांतून एकदा बटण दाबून कळत नाही, पाहणीच्या फॉर्मवर खूण करूनही कळत नाही. ते कळतं तो कापूस कधी विकतो, मुलीला कुठे देतो आणि पोराला काय शिकवतो, यावरून.

वावराचा हिशेब, चुलीचा हिशेब

जूनचा निकाल लागला तेव्हा जाणकार म्हणाले, कापूस आणि सोयाबीनने सत्ताधाऱ्यांना पाडलं. बरोबर होतं. सोयाबीनचा हमीभाव तेव्हा क्विंटलला ४,६०० रुपये होता आणि बाजारात तेवढेही हातात पडत नव्हते. २०२२ च्या सुरुवातीला दहा हजारांच्या वर गेलेला कापूस सात हजारांच्या आसपास अडकला होता.

पण नोव्हेंबरात काय होतं? सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ झाला आणि बाजारभाव त्याच्या बराच खाली राहिला. म्हणजे हमीभाव आणि बाजारभाव यांतली दरी कमी झाली नव्हती, उलट रुंदावली होती. तरी निकाल उलटा लागला. मग सोयाबीनचं कारण खोटं होतं का? मुळीच नाही. मधल्या काळात, ऑगस्ट २०२४ पासून, लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात येऊ लागले. वर कर्जमाफीचा आणि १,५०० चे २,१०० करण्याचा शब्द दिला गेला.

शेतकऱ्याच्या घरात दोन हिशेब चालतात, एक वावराचा आणि एक चुलीचा. माझ्या मते जूनमध्ये वावराचा हिशेब बोलला आणि नोव्हेंबरात चुलीचा. दोन्ही खरे. आणि वावराचं दुखणं संपलं नव्हतं, याचा दाखला वर्षभरातच मिळाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये बच्चू कडूंच्या आंदोलनात शेतकऱ्यांनी नागपूरजवळ हैदराबाद महामार्ग ट्रॅक्टर लावून अडवला, तेव्हा कुठे सरकारने कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेण्याचं कबूल केलं. मत दिलं म्हणून लोकांनी तक्रार मागे घेतली होती, असा अर्थ कोणी काढला असेल तर तो त्यांनी स्वतःच्या सोयीने काढला.

फॉर्ममधली माणसं

लोकांना अर्थव्यवस्थेबद्दल काय वाटतं, हे मोजण्याची यंत्रणा देशात आहे. रिझर्व्ह बँक १९ मोठ्या शहरांत ग्राहकांचा विश्वास मोजते. आपल्या भागातलं नागपूर त्यात आहे. ग्रामीण भागासाठीही आता वेगळी पाहणी होते. प्रश्न साधारण असे असतात : वर्षापूर्वीच्या तुलनेत परिस्थिती सुधारली, तशीच आहे की बिघडली? रोजगाराचं काय? भावांचं काय? पुढच्या वर्षी काय होईल?

देशाचा कल कळायला हे प्रश्न उपयोगी आहेत. पण समुद्रपूर तालुक्यातल्या एखाद्या गावात पारावर बसलेल्या काकाजींना विचारा, ‘परिस्थिती कशी आहे?’ ते म्हणतील, ‘बरी आहे.’ रस्ता झाला, नळ आला, घरोघरी मोबाइल आहे, मग वाईट कसं म्हणायचं? परक्या माणसापुढे घरची तंगी सांगायची नाही, ही रीतही आहेच. मग पुढचा प्रश्न टाका : ‘काकाजी, पोराला शेतीत ठेवता का?’ मान आडवी हलते. ‘आमचं निभलं बाप्पा, त्याचं नाही निभत.’ खरं मत या दुसऱ्या उत्तरात आहे आणि ते कुठल्याही फॉर्मवर उतरत नाही.

रोजगाराच्या सरकारी पाहणीचंही तेच. चालू आठवड्याच्या हिशेबात ज्याने त्या आठवड्यात एक तास जरी काम केलं, तो कामात धरला जातो. बापाच्या चार एकरांत बिनपगारी राबणारा पदवीधर मुलगा ‘स्वयंरोजगार’ या रकान्यात जातो. ही व्याख्या आंतरराष्ट्रीय प्रघाताला धरून आहे, हे मला मान्य आहे. पण ज्या मुलाला स्वतःच्या खिशात पेट्रोलपुरतेही पैसे नाहीत, त्याला कागदावर रोजगारी ठरवून बेरोजगारी घटल्याचं त्याच्याच गावात येऊन भाषणात सांगू नका. त्याचा सरकारवरचा विश्वास अशाने उडतो, आणि उडालेला विश्वास कुठल्याही योजनेने परत येत नाही.

काट्यापाशी उभं राहा

हिंगणघाटचा कापूस एकेकाळी लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्या नावाने ओळखला जाई. हिंगणघाट आणि पुलगाव इथे एकोणिसाव्या शतकात कापडगिरण्या निघाल्या. पिकवणारा, सरकी काढणारा, सूत कातणारा आणि कापड विणणारा असे चौघेही याच जिल्ह्यात होते. आज पुलगावच्या कॉटन मिलचा भोंगा बंद आहे. कापूस मात्र तितक्याच मेहनतीने पिकतो.

लोकमत कसं तयार होतं हे पाहायचं असेल, तर खरेदीच्या दिवसांत जिनिंगच्या आवारात एक दुपार काढा. बैलगाड्या आता थोड्या, बहुतेक मालवाहू टेम्पो आणि ट्रॅक्टर. रात्रीपासून रांग. भाडं गाडीवाल्याला द्यायचंच, गाडी उभी राहिली तर जास्त. नंबर आला की ग्रेडर मूठभर कापूस काढतो, बोटांनी धागा ओढून लांबी बघतो, ओलावा मापायचं यंत्र ढिगात खुपसतो. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि १२ च्या वर माल परत. शेतकरी त्या यंत्राच्या आकड्याकडे निकालाच्या दिवशीच्या विद्यार्थ्यासारखा बघत असतो. नोव्हेंबरात सकाळी दंव पडतं, वेचलेला कापूस घरात थर लावून ठेवलेला असतो, ओलावा कमी व्हायला ऊन लागतं आणि ऊन द्यायला दिवस लागतात. दिवाळी तोंडावर, मजुरांचे पैसे द्यायचे, कृषी केंद्रवाल्याची उधारी. म्हणून तो हमीभावाची वाट न बघता खेडा खरेदीवाल्याला घरूनच देऊन टाकतो.

‘विकाच लागते भाऊ,’ एवढंच तो म्हणतो. अर्थशास्त्राचं पुस्तक न उघडता त्याने सांगितलेलं आहे की हमीभाव जाहीर होणं वेगळं आणि तो वेळेत हातात पडणं वेगळं. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला. आणि पऱ्हाटी फुलोऱ्यात असताना, १९ ऑगस्ट २०२५ पासून, केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं. आधी सांगितलं सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबर केली, म्हणजे आपला कापूस बाजारात यायचे नेमके दिवस.

अमेरिकेने भारतीय मालावर जबर शुल्क लावलं होतं, कापड उद्योग अडचणीत होता, हे खरं. गिरण्यांनी मागणी केली, त्यांचं ऐकलं गेलं, हेही रास्त. पण ऐकून घेण्याची ही रीत एकाच बाजूला लागू का? देवळी-पुलगावच्या शेतकऱ्याला कोणी विचारलं होतं? गिरणीवाल्यांची संघटना दिल्लीत निवेदन देते आणि निर्णय होतो. शेतकऱ्याला तेवढ्याच दखलीसाठी महामार्गावर ट्रॅक्टर उभे करावे लागतात. लोकमताला इतकी महाग किंमत मोजायला लावणं हा अन्याय आहे.

शेती हवी, शेतकरी नको

आता सगळ्यात मोठी, सगळ्यात प्रामाणिक जनमत चाचणी. ती दर वर्षी तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि घरोघरी होते.

स्थळाचा बायोडाटा हातात घेऊन पाहा. वर देवाचं नाव, मग मुलाचं नाव, उंची, शिक्षण. त्याखाली नोकरी आणि नोकरीखाली शेती. मुलीकडची बोटं नोकरीच्या ओळीवर थांबतात. तिथे पुण्याची कंपनी असेल, पोलीस खातं असेल, जिल्हा परिषदेची शाळा असेल, तर बोलणी पुढे सरकतात. मग नजर खाली येते : ‘पाच एकर, ओलीत.’ तेही हवंच असतं, कारण नोकरी गेली तर आधार आणि अडीनडीला विकायला जमीन. पण नोकरीची ओळ रिकामी आणि शेतीच्या ओळीत दहा एकर असली, तरी कागद घडी होऊन परत जातो. ‘पोरीचे बाप वावर पाह्यत नाही, नोकरी पाह्यते,’ हे मी गावागावात ऐकलंय. सांगणाऱ्यांत स्वतः शेतकरी असलेले मुलींचे बापही असतात.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणारे तरुण नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा घेऊन गेले. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, लोक हसले. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. वर्धा, यवतमाळ, अमरावतीच्या खेड्यांत तिशी ओलांडलेले, पस्तिशीला आलेले कष्टाळू मुलगे घरात आहेत. त्यांची आई लग्नकार्याला जाणं टाळते.

दोष मुलींना देऊ नका. मुलीने आईला बघितलेलं असतं. पहाटे उठून स्वयंपाक, नऊला वावरात, संध्याकाळी परत चूल, आणि वर्षाच्या शेवटी स्वतःच्या हातात काही नाही. हा जिल्हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये होता, तो शेतकरी आत्महत्यांमुळे. विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी १ जुलै २००६ रोजी ३,७५० कोटी रुपये जाहीर झाले, त्यांत वर्धाही होता. ज्या मुली तेव्हा शाळेत होत्या, त्या आज लग्नाच्या किंवा पोरांच्या शिक्षणाच्या वयात आहेत. कोणत्या घरात काय घडलं हे त्यांनी पाहिलंय. शेतकरी नवरा नाकारणं हे त्यांचं अर्थव्यवस्थेबद्दलचं मत आहे आणि ते ऐकून धोरणं बदलायला हवी होती. आपण मात्र त्यांना ‘अपेक्षा फार वाढल्या’ म्हणून बोल लावत बसलो.

पहाटेची धाव

पहाटे पाचला वर्धा, सेलू, हिंगणघाट, कोणत्याही गावच्या मैदानावर जा. मुलं-मुली धावत असतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, मग शंभर मीटर, मग गोळाफेक. पोलीस भरती. २०२४ च्या भरतीत राज्यात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज १७ लाखांहून जास्त आले. एका जागेमागे साधारण शंभर जण. मैदानावर धावणाऱ्या प्रत्येकाला हे गणित येतं, तरी तो धावतो. कारण महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार देणारं दुसरं काही त्याच्या नजरेच्या टप्प्यात नाही.

त्याच्या नजरेच्या टप्प्यात समृद्धी महामार्ग आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, वर्धा जिल्ह्यातून जाणारा. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ ला रस्ता पूर्ण झाला. या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. पण ज्यांच्या वावरातून रस्ता गेला, त्यांच्या घरात गाडी म्हणजे मोटारसायकलच. रस्त्याचा मोबदला मिळाला, काहींनी घरं बांधली, काहींनी दुसरीकडे जमीन घेतली, काहींचे पैसे आले तसे गेले. जिल्ह्यातल्या मुलाला त्या रस्त्याने काम काय दिलं, हा प्रश्न मात्र कोणी मोजून विचारला नाही. आता पवनारहून गोव्याच्या सीमेपर्यंत, सुमारे ८०० किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाची आखणी झाली आहे. पवनार म्हणजे विनोबांचं गाव. भूदानात लाखो एकर जमीन मागून मिळवणारा माणूस इथे राहत होता. तो दारोदार जाऊन विचारायचा, आता नोटीस येते. निदान या वेळी तरी मोजणीवाले येण्याआधी विचारणारे येऊ द्या.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३७ हजारांवरून १३ लाखांवर गेली. वाढ पाच टक्क्यांच्या आसपास, जेव्हा राज्याची वाढ सोळा टक्के होती. लहान कुटुंबं हे त्याचं एक कारण, आणि ते चांगलंच आहे. दुसरं कारण तुम्हाला रेल्वे स्टेशनवर दिसेल, पाठीला बॅग लावून पुण्याच्या गाडीत चढताना.

आणि हो, शाळेचं. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. हाताचं काम आणि मातृभाषा यांच्या पायावर उभ्या राहणाऱ्या, गांधींच्या नई तालीमची योजना इथून निघाली, झाकीर हुसेन समितीने तिला रूप दिलं. आज याच जिल्ह्यातल्या गावांच्या फाट्यावर इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसची वाट बघत आई-बाप उभे असतात. फीसाठी सोयाबीन भाव यायच्या आधी विकतात. त्यांना गांधी कळला नाही, असं म्हणणं सोपं आहे. त्यांना हे कळलंय की या देशात हाताने काम करणाऱ्याला ना पैसा मिळतो ना मान. आधी ते बदला, मग त्यांना नई तालीम सांगा.

पन्नास रुपये रोज

जिल्ह्यात सध्या सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार : ‘लाडकी बहीण आली आणि बायका कामावर यायच्या बंद झाल्या.’ बागायतदारापासून दोन एकरवाल्यापर्यंत सगळे हे म्हणतात.

आधी हिशेब करू. १,५०० भागिले तीस म्हणजे पन्नास रुपये रोज. पन्नास रुपयांत तेल-मीठ येतं, घर चालत नाही. पन्नास रुपयांच्या जोरावर कोणी घरी बसत नाही. पण कमी दर देणाऱ्याला ‘जमत नाही’ असं सांगण्याची ताकद तेवढ्याने येते. वेचणी किलोच्या दराने होते. बाई कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकते, बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडा फाटतात, संध्याकाळी धुऱ्यावर ताणकाट्याला गाठोडं टांगतात आणि काटा जे म्हणेल ते तिचं. उशिराच्या वेच्यात बोंडं विरळ, तेवढ्याच किलोंना दुप्पट चालावं लागतं. त्या वेळी तिने जास्त दर मागितला, तर तो तिचा हक्क आहे.

दोन एकरवाल्याचंही खोटं नाही. त्याला कापसाचा भाव मिळत नाही, मग मजुरी कुठून वाढवेल? म्हणून हे भांडण बाई आणि शेतकरी यांचं नाहीच. दोघांचा वाटा वरच्या वर कमी होतो आणि खाली दोघं एकमेकांवर चिडतात. वेचणाऱ्या बाईच्या घरी अनेकदा स्वतःचाही एकर-दोन एकर तुकडा असतो, हे विसरू नये. ती एकाच दिवशी मजूरही असते आणि शेतकरीही.

तिचं मत मात्र बाकीच्यांच्या आधी तयार असतं. गांधी जिल्हा म्हणून वर्ध्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. कायदा कागदावर ठेवून गावोगाव दारू गळत राहिली. ती पकडून द्यायला कोण उभं राहिलं? बायकाच. मंडळं करून, रात्री जागून, ठाण्यात जाऊन, पोलिसांनी टाळाटाळ केली तर तिथेच ठिय्या देऊन. घरात येणारा पैसा कुठून गळतो, हे त्यांना कोणत्याही पाहणीपेक्षा चांगलं माहीत होतं. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, बायकांच्या नावे जमीन करायला सांगितलं, त्यालाही आता तीन दशकं उलटली. आज गावच्या तलाठ्याकडे सातबारे चाळून बघा, किती उताऱ्यांवर बाईचं नाव नवऱ्याच्या हयातीत चढलंय. समाज किती बदलला, याचं उत्तर त्या कागदावर आहे.

कुमारप्पा दारोदार गेले होते

लोकांना विचारायचं कसं, हे शिकायला वर्ध्याला बाहेर जायची गरज नाही.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं काम सुरू झालं. ते चालवलं जे. सी. कुमारप्पांनी. परदेशात शिकलेला, मुंबईत बसलेला हिशेबतपासनीस. वर्ध्याला येण्याआधी गांधींच्या सांगण्यावरून त्यांनी गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली होती, गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी बरोबर घेऊन. पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने उद्योग पाहणी समिती नेमली, तिचे अध्यक्ष तेच होते. १९३९ मध्ये तिचा अहवाल आला. गावात जायचं आणि घराची मिळकत, कर्ज, जनावरं, जमीन, कर, हाताला असलेलं काम, सगळं लिहून घ्यायचं, ही त्यांची रीत. समाधानी आहात का, हा प्रश्न त्यांना विचारावा लागला नाही. कर्जाचा आकडा आणि रिकाम्या हातांचे दिवस कळले की उत्तर कळतंच.

ही रीत आजही जिल्ह्यात जिवंत आहे. १९६९ ला सुरू झालेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात नव्या तुकडीचे विद्यार्थी एखादं गाव दत्तक घेतात, तिथे मुक्काम करतात, घरोघरी जाऊन आरोग्याची माहिती घेतात. डॉक्टर होऊ पाहणारी मुलं जे आरोग्यासाठी करतात, ते जिल्ह्यातली बाकीची महाविद्यालयं रोजगारासाठी आणि शेतीसाठी का करू शकत नाहीत?

तीन प्रश्न

जिल्ह्यात पाचशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. वर्षाला किमान चार ग्रामसभा घेण्याचा कायदा आहे, त्याआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. लोकमत विचारायची यापेक्षा चांगली जागा जगात फार ठिकाणी नाही. पण होतं काय? सचिव अजेंडा वाचतो, घरकुलाची यादी, गटाराचं काम, मग चहा. कोरम नसला की तहकूब, आणि तहकूब सभेत दहा सह्या.

यापुढच्या ग्रामसभेत अजेंड्यावर तीन प्रश्न घाला, आणि उत्तरं प्रत्येक कुटुंबाकडून घ्या.

पहिला : गेल्या वर्षी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या हाताला किती दिवस काम मिळालं आणि काय दराने? बाईचा आणि पुरुषाचा दर वेगळा लिहा.

दुसरा : पीक कोणत्या दिवशी, कोणाला, काय भावाने विकलं आणि चुकारा किती दिवसांनी हातात आला? हमीभाव आणि हा भाव शेजारी-शेजारी मांडा.

तिसरा : घरातल्या जमिनीच्या उताऱ्यावर कोणाकोणाचं नाव आहे, आणि तीन वर्षांत घरातलं कोण गाव सोडून गेलं?

यात मताचा एकही प्रश्न नाही, आणि तरी सगळं मत यात येतं. महिला सभेत हे प्रश्न आधी विचारा, कारण पुरुषांसमोर बाई दर कमी सांगते किंवा गप्प बसते. उत्तरं ठरावासारखी इतिवृत्तात नोंदवा, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, नावं काढून तालुक्याला पाठवा. जिल्हा परिषदेने ती एकत्र करावी. खासदार आणि चारही आमदारांनी वर्षातून एकदा त्या आकड्यांसमोर उभं राहून बोलावं. ज्या पक्षाचे असतील त्या पक्षाचे असोत.

याला निधी लागत नाही, नवा कायदा लागत नाही. लागते ती ऐकून घ्यायची तयारी. आणि तुम्ही, जे हे वाचताय आणि ज्यांचं गाव आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू, समुद्रपूर कुठेही आहे, ते पुण्यात असाल तरी पुढच्या ग्रामसभेची तारीख घरी फोन करून विचारा, आणि आईला तिथे जायला सांगा. सभेत तिने फक्त एवढं म्हणावं : ‘आमचं लिहून घ्या.’ सचिवाला ते लिहून घ्यावंच लागतं. नाही घेतलं, तर पुढच्या सभेला दोनशे बायका घेऊन जा.